कानातला खडा

मोठा मासा म्हणजे म्हातारा मासा, असा आपल्या सगळ्यांचाच समज असतो. पिल्लांच्या बाबतीत तो खराही ठरतो. मासा सुरुवातीला झपाट्यानं वाढतो, मग मंदावतो आणि एका लांबीपाशी वाढ जवळजवळ थांबते. या वाढीचं जे समीकरण जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टलान्फी यांनी 1938 मध्ये मांडलं, ते आम्ही मासे अभ्यासणारे आजही वापरतो. त्याच्या आलेखात शेवटी रेषा आडवी होते. त्या आडव्या भागातले तरणे आणि म्हातारे मासे पट्टीवर सारखेच भरतात. तेव्हा पट्टी बाजूला ठेवून माशाच्या डोक्यातच शिरावं लागतं.

तिथे आतल्या कानात चुन्याच्या खड्यांच्या तीन जोड्या असतात. शार्कना असे खडे नसतात, त्यांचे मणके कापावे लागतात. ते आज सोडून देऊ. या खड्यावर जन्मापासून थर चढत राहतात आणि एकदा चढलेला थर शरीर परत शोषून घेत नाही. मासा लांबीनं वाढायचा थांबला तरी खडा जाड होतच राहतो. खवल्यांचं तसं नाही, म्हणून म्हाताऱ्या माशाचे खवले वय कमी सांगतात. खडा मधोमध तोडायचा, तुटलेली बाजू ज्योतीवर हलकेच भाजायची, तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. झाडाच्या बुंध्यासारखी गडद आणि फिकी वलयं दिसतात. रायबिश या संशोधकानं 1899 मध्ये प्लेस या चपट्या माशाचं वय अशाच वलयांवरून काढलं होतं.

मोजणं काही अवघड नाही. एक वलय म्हणजे एक वर्ष, हे कुणी ठरवलं? खरी मेख तिथे आहे. खाणं तुटलं, अंडी घातली, पाणी अचानक गार झालं, तरी खोटं वलय उमटतं. कडेला तर वलयं इतकी चिकटलेली असतात की माझे स्वतःचेच दोन दिवसांचे आकडे जुळत नाहीत.

ऑरेंज रफी या माशाच्या बाबतीत हे फार महागात पडलं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या खोल समुद्रातला हा तांबूस मासा, जेमतेम हातभर लांबीचा. 1980 च्या दशकात त्याची प्रचंड मासेमारी झाली. फार तर वीस-तीस वर्षं जगत असेल, असा तेव्हाचा अंदाज. मग 1991 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी खड्यातलं रेडियम आणि शिसं मोजलं. खडा घडताना त्यात किंचित रेडियम अडकतं आणि त्याचं ठरलेल्या गतीनं किरणोत्सारी शिसं होत जातं. दोन्हींचं प्रमाण काढलं की घड्याळ मिळालं, आणि या घड्याळाला वलयांशी देणंघेणं नाही. सर्वांत म्हाताऱ्या माशाचं वय निघालं 149 वर्षं. म्हणजे वाफेवरचे ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या बोटी, समुद्रात उतरले, त्याच्या कितीतरी आधी तो पोहत होता!

एवढं जगणाऱ्या माशात नैसर्गिक मरण फार थोडं असतं, वर्षाला शेकडा चार-पाच. पिल्लं अंडी घालण्याजोगी व्हायलाच पंचवीस-तीस वर्षं लागतात. जाळ्यानं उपसलेला थवा आपल्या हयातीत भरून येईल, हा हिशेबच कोसळला. ऑस्ट्रेलियानं 2006 मध्ये या माशाला संवर्धनाच्या यादीत घातलं.

आता पडताळणीच्या आणखी वाटा आहेत. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी समुद्राच्या वरच्या थरांत कार्बन-14, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, वाढवला. त्या वर्षांत तिथे जन्मलेल्या माशांच्या खड्याच्या गाभ्यात तो अजून आहे, म्हणून त्यावरून जन्माचा काळ पडताळता येतो. अणुबॉम्बचा असाही उपयोग होईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नसेल. काही ठिकाणी जिवंत माशाला टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचून सोडतात. त्या दिवसाचा थर अतिनील प्रकाशात पिवळा चमकतो. तो मासा पुन्हा जाळ्यात सापडला, की त्या रेघेबाहेरची वलयं मोजायची.

ही डबी आणि भिंग मागच्या रांगेपर्यंत फिरवा. खडा कापलेला, भाजलेला आहे. वलयं मोजा आणि आकडा कागदावर लिहा, पण शेजाऱ्याला दाखवू नका. आमच्याकडेही दोन माणसं वेगवेगळी मोजतात, आणि माशाची लांबी त्यांना आधी सांगत नाहीत.