हमालाचा मालक कोण?

मित्रहो, पत्रिकेत आजचा विषय 'लहान शहरांतील कष्टकऱ्यांचे संघटन' असा छापला आहे. तो जरा भारदस्त झाला. मला एका साध्या अडचणीबद्दल बोलायचं आहे. ज्याला मालकच सापडत नाही, त्याने मजुरी वाढवून मागायची कोणाकडे?

गिरणीत ही अडचण नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, तेव्हा समोर गिरणीमालक होते आणि त्या मालकांचीही संघटना होती. भोंगा एक, फाटक एक, पगाराचा दिवस एक. पाळी सुटताना फाटकाशी उभं राहिलं की सगळे भेटायचे. तालुक्याच्या गावात असं फाटक नसतं. बाजार समितीतला हमाल सकाळी एका अडत्याच्या गाळ्यावर असतो, दुपारी दुसऱ्याच्या ट्रकवर, संध्याकाळी तिसऱ्याच्या गोदामात. सिन्नर किंवा संगमनेरला विडी वळणाऱ्या बाईने कारखानदाराला कधी पाहिलेलंही नसतं; तिच्या ओळखीचा असतो तो पानं आणि तंबाखू देणारा ठेकेदार. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईला तर मालकच नाही. शेजारच्या आळीत चार यंत्रमाग टाकलेला माणूस कागदोपत्री मालक खरा, पण तो स्वतःच सुताच्या व्यापाऱ्याचा देणेकरी.

आपल्याकडच्या पुष्कळ संघटना नेमक्या इथे अडतात. गिरणीतली पद्धत गावात आणली जाते आणि मग मोर्चा निघतो तो तहसील कचेरीवर. तहसीलदार निवेदन घेतात, पोच देतात, फोटो निघतो. तहसीलदारांच्या हातात हमालीचा दर कधीच नव्हता. पुढच्या मोर्चाला निम्मी माणसं येतात, आणि ते बरोबरही आहे, कारण त्यांचा रोज बुडालेला असतो.

या अडचणीवर महाराष्ट्रात एक उत्तर सापडलं. अण्णासाहेब पाटील मुंबईच्या गोदी-बाजारातल्या माथाडींना, म्हणजे डोक्या-पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना, एकत्र करत होते, डॉ. बाबा आढाव पुण्यात हमाल पंचायत उभी करत होते. या सगळ्या रेट्यातून १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यातली युक्ती नीट समजून घ्या. हमालाचा एक मालक सापडत नाही ना? मग सगळ्या मालकांचे पैसे एका ठिकाणी आणा. व्यापारी, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ करायचं. व्यापाऱ्याने तिथे नोंद करायची, हमालांच्या टोळीनेही नोंद करायची. झालेल्या कामाची मजुरी व्यापारी मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही, म्हणजे जादा रक्कम, भरतो. मजुरी कामगाराला मंडळाकडून मिळते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार आणि औषधपाणी निघतं. सकाळपासून वीस दुकानांची पोती वाहिलेल्या माणसाला त्या वीसही दुकानांकडून मिळून फंड जमा होतो! कोणत्याच एका दुकानाला तो आपला नोकर म्हणून कबूल करावा लागत नाही. कज्जा तिथेच अडायचा, तो वळसा घालून सोडवला.

हे सगळं कागदावर सुंदर आहे. पण हा कायदा आपोआप लागू होत नाही. त्या भागाला आणि त्या धंद्याला योजना लागू करून घ्यावी लागते, आणि ती लागू झाली तरी तालुक्याचा व्यापारी नोंद टाळतो. तो सांगतो, 'आमचे घरचेच संबंध आहेत, मंडळ कशाला?' हमालही मान डोलावतो, कारण मुलीच्या लग्नाला त्याच व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते. शिवाय माथाडीच्या नावावर काम न करता पैसे उकळणाऱ्या बोगस टोळ्या निघाल्या. त्यांनी या कायद्याचं जितकं नुकसान केलं तितकं व्यापाऱ्यांनाही जमलं नसतं. हे आपण आपल्या सभेत बोललं पाहिजे. आपण गप्प राहिलो तर दुसरे बोलतात आणि मग कायदाच रद्द करा म्हणतात.

मंडळ नसेल तिथेही एक टेबल असतंच. बाजार समितीच्या अठरा संचालकांत एक जागा हमाल आणि माल तोलणारे मापाडी यांच्या मतदारसंघाची असते. सतरा जणांसमोर एक, म्हणून तिला कोणी किंमत देत नाही. मी देतो. हमाली, तोलाई, वाराई यांचे दर जिथे ठरतात त्या खोलीत बसण्याचा तो हक्क आहे. पण तो संचालक खरोखर पाठीवर पोतं घेणारा हवा. बऱ्याच ठिकाणी ती जागा अडत्याच्या मर्जीतल्या माणसाला जाते, कारण परवानाधारक हमालांची यादी कोणी तपासलेलीच नसते. संघटनेचं पहिलं काम तिथून सुरू होतं. यादीत नाव कोणाचं आहे, गेलेल्यांची नावं अजून का आहेत आणि पाच वर्षं राबणाऱ्याला परवाना का मिळाला नाही, हे विचारण्यापासून. घोषणा त्यानंतर.

पोत्याच्या वजनाबद्दलही थोडं बोलतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची शिफारस केली. आपल्याकडे शंभर किलोची पोती नंतरही कित्येक वर्षं पाठीवरून गेली. पोतं पन्नास किलोचं करा ही मागणी हमालांच्या संघटनांनी लावून धरली. दर वाढवून मागणं सोपं असतं, सगळे लगेच हो म्हणतात. वजन कमी करा म्हटलं की आपल्यातलेच काही विचारतात, 'नगाचे पैसे घटले तर?' त्यांचं म्हणणं खोटं नसतं. म्हणून वजनाची मागणी आणि नगाच्या दराची मागणी एकाच कागदावर यावी लागते.

विडीचं गणित वेगळं. तिथे मालकाला शोधायचं काम कायद्यानेच केलं. १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं आणि ठेकेदाराच्या मागे असलेल्या मुख्य मालकाला जबाबदार धरलं. कारखानदार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कायदा कायम ठेवला. आता तो २०२०च्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला आहे, पण बाईची रोजची कटकट तीच आहे. तंबाखू आणि पानं कमी तोलून मिळतात, हजार विड्या पुऱ्या करायला पदरची पानं घालावी लागतात, आणि वर 'खराब' म्हणून विड्या बाजूला काढल्या जातात, ज्या फेकल्या मात्र जात नाहीत. म्हणून विडी कामगारांत हजार विड्यांमागच्या दराइतकंच तराजूकडे लक्ष ठेवावं लागतं. सोलापुरात या बायकांच्या लढ्यातून कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. दुसरीकडे पैशाचा एक नळ बंद झाला. विड्यांवर खास उपकर होता, त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालायच्या. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा हा उपकर गेला. योजना अंदाजपत्रकातून चालतात असं सांगतात, पण स्वतःच्या नावाचा पैसा असणं आणि दरवर्षी मागून घेणं यात फरक आहे.

आता जिचा मालकच नाही तिच्याकडे येऊ. माझ्या मते लहान शहरात पुढच्या दहा वर्षांचं काम इथे आहे. फेरीवाल्याचा सौदा होतो तो नगरपालिकेशी. २०१४चा पथविक्रेता कायदा महानगरांइतकाच नगरपरिषदेला आणि नगरपंचायतीलाही लागू आहे, हे कित्येक नगरसेवकांनाही ठाऊक नसतं. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यायचा, इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत. आणि नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांतल्या एक तृतीयांश बायका.

लहान शहरात घडतं काय, तर समिती कागदावर असते, अध्यक्ष मुख्याधिकारी, आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी म्हणून पक्षातल्या दोघा-चौघांची नावं. बाजार वसुलीचा ठेकेदार रोज पावती फाडतो. कधी पैसे घेतो आणि पावतीच देत नाही. मी बायकांना सांगतो, पावत्या टाकू नका, पिशवीत ठेवा. आपण त्या जागेवर वर्षानुवर्षं बसतोय याचा पुरावा म्हणजे पालिकेच्याच नावाची ती चिठोरी.

कोणी विचारेल, एवढ्याशा गावात सगळे एकमेकांना ओळखतात, इथे भांडायचं कसं? अडचण खरी आहे. ज्याच्याविरुद्ध सभा घेतली तोच किराणा उधार देतो, त्याच्याच दवाखान्यात जायचं असतं. म्हणून मी दोन गोष्टींवर हटून बसतो. मागणी करायला एकटा माणूस कधी पाठवायचा नाही, किमान पाच जण, आणि त्यांत वेगवेगळ्या आळ्यांतले, वेगवेगळ्या जातींचे. नाहीतर दुसऱ्या दिवशी बोलवा होते की अमक्या समाजाचं काहीतरी चाललंय. दुसरं, वर्गणी. ती दरमहा गोळा झाली पाहिजे आणि तिचा हिशेब फळ्यावर लिहिला गेला पाहिजे. पुढाऱ्याने खिशातून खर्च केला की संघटना पुढाऱ्याची होते आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत तो ती बरोबर घेऊन जातो. निवडणूक लढवू नये असं मी म्हणत नाही. लढवायची तर सभेत ठराव करून, आणि त्या दिवसापासून वर्गणीची वही दुसऱ्याच्या हातात.

आता प्रश्न घेऊ. पण त्याआधी, इथे जे विक्रेते बसले आहेत त्यांनी उद्या सकाळी नगरपरिषदेत लेखी अर्ज द्यावा : शेवटचं सर्वेक्षण कोणत्या तारखेला झालं, यादीची प्रत, आणि समितीच्या सदस्यांची नावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.