मज्जारज्जूत तुंबलेले रक्त

पडद्यावरच्या एका एमआरआय चित्रात मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी पांढुरकी सूज पसरलेली दिसते आणि रज्जूच्या मागे काळ्या, वेड्यावाकड्या ठिपक्यांची रांग आहे. हे ठिपके म्हणजे फुगलेल्या शिरा. कमरेच्या मणक्यांतली गादी शोधणाऱ्या नजरेतून त्या सहज निसटतात.

मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांच्या विकृतींपैकी सर्वाधिक आढळणारी विकृती म्हणजे ड्युरल फिस्टुला. मज्जातंतूचे मूळ ज्या ठिकाणी ड्युरा या जाड आवरणातून बाहेर पडते, तिथे एक बारीक धमनी केशवाहिन्यांना वगळून थेट शिरेला जुळते. धमनीचा दाब शिरेत शिरल्यामुळे रज्जूतून परतणारे रक्त तुंबते आणि रज्जू हळूहळू निकामी होऊ लागतो. रुग्ण बहुधा पन्नाशी-साठीतले पुरुष असतात. चालल्यावर पाय जड होतात, बधिरपणा चढत जातो, लघवी अडते. साहजिकच दोष कधी मणक्याला, कधी प्रोस्टेटला दिला जातो. सूज उतरावी म्हणून दिलेल्या स्टिरॉइडने काहींचे पाय आणखी लुळे पडतात, आणि खरे तर तिथेच संशय यायला हवा.

पूर्वी शल्यविशारद रज्जूवरच्या या फुगलेल्या शिराच सोलून काढत. १९७७ मध्ये केंडल आणि लोग या डॉक्टरांनी मूळ दोष ड्युरात असल्याचे दाखवले, तेव्हा लक्षात आले की त्या शिरा रज्जूतले रक्त वाहून नेणाऱ्याच होत्या.

नेमकी जागा अँजिओग्राफीच सांगते. जांघेतून कॅथेटर घालून मणक्यांकडे जाणाऱ्या एकेका धमनीत रंगद्रव्य सोडावे लागते. हे काम वेळखाऊ आहे, पण अर्ध्यावर सोडलेली तपासणी फसवी ठरते. रज्जूला रक्त पुरवणारी ॲडमकिएविझची धमनी फिस्टुलाला रक्त देणाऱ्या शाखेतूनच निघत असेल, तर कॅथेटरमधून गोंद सोडून फिस्टुला बंद करणे धोक्याचे असल्याने सहसा शस्त्रक्रियाच निवडतात. एरवी हा वैद्यकीय गोंद शिरेच्या आरंभापर्यंत पोहोचलाच पाहिजे; तो धमनीतच थांबला, तर शेजारच्या शाखा फिस्टुला पुन्हा जिवंत करतात. शस्त्रक्रियेत ड्युरा उघडून तीच एक शीर आत शिरते तिथे बंद करतात.

रज्जूच्या आतली धमनी-शीर विकृती निराळी. ती तरुणांत, अनेकदा अचानक रक्तस्रावाने प्रकटते. कॅव्हर्नोमा, म्हणजे पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्यांचा गुच्छ, तर अँजिओग्राफीत दिसतच नाही, त्यासाठी एमआरआयच पाहावा लागतो.

फिस्टुला बंद झाल्यावर पायांतली ताकद अनेकांना काही प्रमाणात परत मिळते, लघवीवरचा ताबा त्या मानाने कमी सुधारतो. पुढे चाल पुन्हा बिघडली, तर आधी एमआरआय आणि गरज पडल्यास अँजिओग्राफी पुन्हा केली जाते.