नौकेची शाकारणी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. हर्णे बंदरातला लिलावाचा गलका ओसरत चाललाय. एकेक नौका आंजर्ल्याच्या खाडीत शिरतेय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. आता दोन महिने नौकेची गाठ समुद्राशी नाही, पावसाशी.

गंमत बघा, लाकडाला खारं पाणी मानवतं. फळ्यांत मुरलेलं मीठ बुरशीला आवरून धरतं. लाकूड कुजतं ते गोड्या पाण्यानं. खणाच्या कोपऱ्यात, सांध्यात पावसाचं पाणी साचून राहिलं की फळी आतून मऊ पडते. वरचा रंग तसाच तुकतुकीत, आणि बोट दाबलं तर आत जातं!

म्हणून शाकारणी. कोकणात घर शाकारतात तशी नौकाही शाकारतात. शब्द एकच, कामही तेच. नौकेच्या लांबीभर मधोमध आढं बांधायचं, दोन्ही बाजूंना बांबूचे वासे उतरते सोडायचे. पूर्वी त्यावर नारळाची विणलेली झापं पडायची. आता ताडपत्री.

बाजारात ती तयार मिळते. चौकोनी, स्वस्त. पण नौका कुठे चौकोनी असते? नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, निमुळती, पोटाशी रुंद. जास्तीचं कापड पुढे गोळा होतं, त्याला खळगा पडतो आणि खळग्यात पाणी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेत नुसतं दहा सेंटीमीटर पाणी साचलं, तरी वाशांवर शंभर किलोचा भार. पहाटे कडकन आवाज येतो तो बांबूचा.

मापाची ताडपत्री शिवून घ्यायची तर माप कसं घेतात, ते पाहण्यासारखं आहे. शिवणाऱ्याकडे टेप आहे. नाखवा, म्हणजे नौकेचा मालक, मात्र दोरी पुढे करतो. दोरी आढ्यावरून पलीकडे टाकायची, दोन्ही टोकं काठाखाली हातभर सोडायची आणि तिथे गाठ मारायची. एकदा नाळेशी, एकदा पोटाशी, एकदा मागे. तीन मापं, तीन दोऱ्या. आणि हे सगळं आढं-वासे उभे राहिल्यावर. रिकाम्या नौकेचं माप घेतलं तर ताडपत्री हमखास तोकडी पडते.

दुकानदार जीएसएमचा आकडा पुढे करतो. म्हणजे चौरस मीटरमागे कापडाचं वजन किती ग्रॅम, ते. जाड कापड टिकतं, खरंय. पण आमचं मत विचाराल तर आधी कड बघावी. ताडपत्री मधे क्वचितच फाटते. ती फाटते दोरी ओवायच्या कडीपाशी. कड दुमडून आत दोर घालून शिवलेली असेल, तर ओढ एका कडीवर न येता सगळीकडे वाटली जाते.

मग बांधणी. काठाला बांधलेली दोरी वाऱ्यात काठावरच घासते आणि तुटते. जाणता खलाशी दोर नौकेच्या पोटाखालून पलीकडे नेतो. घासणाऱ्या जागी जुन्या ट्यूबचा तुकडा. नायलॉन भिजलं की ताणतं, म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर सगळ्या गाठी पुन्हा आवळायच्या. वरून एक जुनं जाळं टाकलं की ताडपत्री फडफडत नाही, आणि न फडफडणारी ताडपत्री दुप्पट जगते, असं इथे म्हणतात.

१६-१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं. बंदी लागायला अजून दोन आठवडे होते. त्यामुळे आता काही नाखवे वासे-बांबू महिनाभर आधीच आणून ठेवतात.

एक चूक नवखा हमखास करतो. सगळीकडून गच्च आवळतो. आतली ओल आतच राहते आणि आठ दिवसांत कोंदट वास सुटतो. वारा पश्चिमेचा, म्हणून समुद्राकडची बाजू खालपर्यंत बंद, जमिनीकडची वीतभर उघडी. बॅटरी काढून घरी न्यायची. नौका किनाऱ्यावर ओढलेली असेल तर तळाचं बूचही उघडं ठेवायचं. चुकून आत आलेलं पाणी आपल्या वाटेनं निघून जातं.

नाखवा आत वाकून बघतो. ताडपत्रीखाली निळसर उजेड. तो एका वाशाला धरून हलवतो, बाहेर येतो, नाळेकडची एक गाठ सोडतो आणि पुन्हा मारतो.

खाडीपलीकडे आभाळ भरून आलंय.