किडनीतली भाजावळ

मंडळी, रत्नागिरीत बोलताना माझी एक सोय होते. भाजावळ म्हणजे काय, हे इथे सांगावं लागत नाही. कवळ, शेण, पातेरा पसरायचा आणि तेवढाच तुकडा भाजायचा. बांधापलीकडच्या काजूला धग लागता कामा नये. किडनीतल्या कॅन्सरच्या, किंवा तशी शंका असलेल्या, लहान गाठीवर आम्ही सुईनं तेच करतो.

ही गाठ बहुधा दुखत नाही. माणूस मुतखड्याच्या शंकेनं सोनोग्राफीला जातो आणि भलतंच निघतं. घरात लगेच 'किडनी काढणार' म्हणून रडारड. तर गाठ ४ सेंटिमीटरच्या आत असली, तर किडनी बहुतेक वेळा वाचवता येते. गाठीपुरता भाग कापून काढणं हा आजही पहिला पर्याय, हे मी सुईवाला असूनही सांगतो. पण वय झालेलं, हृदय अधू, किंवा किडनीच एक उरलेली, अशांना सुईचा विचार जरूर करावा. ३ सेंटिमीटरच्या आतल्या गाठी अधिक चांगल्या भाजतात.

सीटी स्कॅनवर बघत पाठीतून सुई गाठीत घालतात. बायोप्सी आधी किंवा त्याच वेळी. मग रेडिओफ्रिक्वेन्सीचा, म्हणजे झपाट्यानं दिशा बदलणारा, वीजप्रवाह सोडायचा. तो सेकंदाला चार-पाच लाख वेळा मागेपुढे होतो, पेशींतले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्याच्याबरोबर हेलकावतात आणि घर्षणानं तापतात. सुई स्वतः निखारा होत नाही, मांसच तापतं. ६० अंशांच्या वर पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. मग १०० च्या वर का न्यायचं नाही? मांस करपतं, करपलेल्या थरातून प्रवाह पुढे जात नाही आणि कडा कच्च्या राहतात. मोठ्या जाळावर भाकरी केलेल्या बाईला हे मुद्दाम सांगायला नको.

खरी अडचण शेजाऱ्यांची. गाठीलगत मोठी रक्तवाहिनी असली, तर वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं. व्हाळाकाठचा पातेरा पेटत नाही, तसं. वीजप्रवाहाऐवजी मायक्रोवेव्ह लहरींनी भाजणारी सुईही असते, तिला हा त्रास कमी. आतडं चिकटून असलं, तर मध्ये ग्लुकोजचं पाणी सोडून ते दूर सारतात. सलाइन नको, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. मूत्रवाहिनी अगदी जवळ असली, तर मी दहादा विचार करतो.

बरेच जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. चार दिवस अंग मोडून येतं, बारीक ताप येतो.

देवगडकडच्या एका आजोबांनी तीन महिन्यांनी स्कॅन करून मला फोन लावला. "डॉक्टरांनू, गाठ तर थंयच आसा!" असणारच. भाजलेलं मांस जागेवरच राहतं, हळूहळू आकसतं. बघायचं ते एवढंच, की शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये रक्त उठून दिसावं म्हणूनचं औषध, दिल्यावर ते उजळतं का. उजळलं, तर तिथे रक्त पोचतंय, म्हणजे जिवंत पेशी असण्याची शंका. कापून काढण्यापेक्षा या उपचारात असं थोडं जास्त वेळा होतं. आजोबांची फिल्म मागवली. गाठ काळी होती, फक्त एक कड उजळत होती. त्यांना बोलावून घेतलं आणि तेवढ्या कडेत पुन्हा सुई घातली.