पट्टी किती पातळ?

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी दोन नळ्या)

यातली स्टेनलेस स्टीलची कुठली आणि कोबाल्टच्या मिश्रधातूची कुठली, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही. काट्यावर ठेवल्या की उलगडा होतो: माप तेच, पण उजवीकडची जड. स्टीलची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ८ ग्रॅम, कोबाल्टवालीची ९.१.

अशाच नळ्यांपासून स्टेंट होतात, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी उघडी ठेवायला आत बसवायच्या जाळ्या. डावीकडचं स्टील ३१६ एल जातीचं: लोखंड, १६ ते १८ टक्के क्रोमियम, निकेल आणि थोडं मॉलिब्डेनम. उजवीकडचा एल ६०५: जवळपास निम्मा कोबाल्ट, २० टक्के क्रोमियम, १५ टक्के टंगस्टन, १० टक्के निकेल. रक्तात गंजू नये यासाठी दोन्हींची भिस्त क्रोमियमच्या ऑक्साइडच्या अदृश्य थरावरच.

(दृश्य: लेसरखाली फिरणारी नळी, आतून वाहणारं पाणी)

नळी फिरते, पुढे-मागे सरकते. लेसर जागचा हलत नाही. आतून पाणी सोडलंय ते समोरची भिंत भाजू नये म्हणून. काही मिनिटांत नळीची जाळी होते, पण काय अवस्थेत! कडांना वितळलेल्या धातूचे थेंब चिकटलेले, पृष्ठभाग काळवंडलेला. हा मळ आधी आम्लानं काढतात. मग भट्टी. नळी ओढताना धातूला आलेला ताठरपणा तिथं उतरवतात, नाहीतर धमनीत आतल्या फुग्यानं फुगवताना जाळी तडकायची.

(दृश्य: इलेक्ट्रोपॉलिशिंग, क्लोज-अप)

आता विजेची अंघोळ. आम्लाच्या भांड्यात जाळीला धन टोक जोडलंय. धातू सगळीकडून झिजतो, पण उंचवटे आधी. थोडा वेळ बुडवायची, धुवायची, वजन करायचं, पुन्हा बुडवायची. जास्त झिजली तर जाळीची प्रत्येक पट्टी कमकुवत, कमी झिजली तर कडा खरखरीत. यंत्र कितीही महागडं असो, इथं चालते ती कारागिराची नजर. स्टेंटच्या जाहिरातीत औषधाच्या लेपाचं कौतुक असतं, या टेबलाचं नाव कुणी काढत नाही.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली दोन पट्ट्या)

आता फरक डोळ्यांना दिसतो. ‘सायफर’ या गाजलेल्या औषधी स्टेंटची स्टीलची पट्टी होती १४० मायक्रॉन जाडीची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कोबाल्टच्या ‘झायन्स’ची ८१, म्हणजे साधारण केसाइतकी. स्टीलही पातळ करता येतं, कोण नाही म्हणतो? पण मग धमनीला तोलून धरण्याची ताकद घटते आणि एक्सरेच्या पडद्यावर जाळी पुसट होते. कोबाल्टचा हा मिश्रधातू वाकायला साधारण दीडपट जोर मागतो आणि टंगस्टनमुळे पडद्यावर ठळक उमटतो. पातळ होऊनही तो टिकतो, ही त्याची खरी कमाई.

(दृश्य: पारदर्शक नळीत फुगा फुगतो, मग रिकामा होतो)

एका बाबतीत मात्र स्टील सरस. फुगा काढल्यावर जाळी किंचित मिटते. स्टीलची कमी, कोबाल्टची थोडी जास्त. त्याची भरपाई नक्षीच्या आखणीत करावी लागते. निकेल दोन्हींत आहे, त्यामुळे निकेलची ॲलर्जी असणाऱ्याला धातू बदलून सुटका नाही.

पातळ पट्टीचा फायदा काय? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत दोन्ही स्टेंट स्टीलचेच होते. ५० मायक्रॉनच्या पट्टीत धमनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण १५ टक्के निघालं, १४० च्या पट्टीत २५.८ टक्के. भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली: तेव्हा साध्याला ७,२६० रुपये, औषधीला २९,६००. धातूनुसार वेगळा भाव नव्हता.

(दृश्य: थकवा चाचणीचं यंत्र)

शेवटची चाचणी दोघांना सारखीच. दहा वर्षांचे ठोके, म्हणजे सुमारे ४० कोटी स्पंदनं, हे यंत्र कित्येक पट वेगानं देतं. मग प्रत्येक जाळी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली जाते आणि वळणावळणावर तडा शोधला जातो.