मॅडम, तुम्ही नक्की कोण?

(मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे आणि तरुण व्यावसायिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

काही वर्षांपूर्वी एक वडील आपल्या बारावीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. दोन एसट्या बदलून आले होते. मुलगी तीन आठवडे कॉलेजला गेली नव्हती. तिच्याशी तासभर बोलणं झालं, पुढच्या भेटीपर्यंत तिनं काय करून बघायचं तेही ठरलं. निघताना वडिलांनी हात पुढे केला. "चिठ्ठी?" मी म्हटलं, मी औषधं लिहून देत नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग मॅडम, तुम्ही नक्की कोण?"

त्यात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि मला दोन वाक्यांत नीट सांगता आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्या व्यवसायाची बाजू मांडायची ती इथपासून. मराठीत मनोविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक असे चार शब्द आहेत आणि बातम्यांमध्ये ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पहिले दोन म्हणजे वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. मी तशी नाही, मी मानसशास्त्रज्ञ आहे. माझ्या नावापुढे चुकून 'मानसोपचारतज्ज्ञ' छापून आलं की मी फोन करून ते दुरुस्त करायला लावते. तुम्हीही करा. न मिळवलेली ओळख आपण गप्प बसून स्वीकारली, तर उद्या महिनाभराचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणाऱ्याला कोणत्या तोंडानं अडवणार?

आता कायद्याकडे येऊ. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा प्रत्येकानं मुळातून वाचावा. त्यात 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट'ची, म्हणजे मानसिक आजारांवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, व्याख्या आहे आणि ती भारतीय पुनर्वसन परिषद या केंद्रीय नियामक संस्थेनं मान्य केलेल्या शिक्षणाशी जोडलेली आहे. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आपल्यातल्या एकासाठी जागा आहे, अट पंधरा वर्षांच्या अनुभवाची. पण दाखल रुग्णांच्या तक्रारी ज्या जिल्हा पातळीवरच्या पुनरावलोकन मंडळापुढे येतात, तिथे कोण बसतं? न्यायाधीश, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक वैद्यकीय व्यावसायिक, आणि रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा संस्था यांच्यातले दोघं. रुग्णांचं प्रतिनिधित्व तिथे आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मानसशास्त्रज्ञासाठी मात्र जागा राखलेली नाही.

त्यानंतर २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. पुनर्वसन परिषदेच्या कक्षेबाहेरचे मानसशास्त्रज्ञ आणि अनेक प्रकारचे समुपदेशक त्याच्या परिशिष्टात आहेत. म्हणजे एकाच विषयाचे विद्यार्थी दोन वेगळ्या छत्र्यांखाली. यावरून आपसात भांडण्यात आपली बरीच शक्ती जाते. क्लिनिकलवाले समुपदेशकांना कमी लेखतात, आणि समुपदेशक म्हणतात, ह्यांना फक्त चाचण्या घेता येतात. हे थांबायला हवं. नियमांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी खुले होतात, तेव्हा मुदतीच्या आत, कलमाचा क्रमांक देऊन, सुचवायचा मजकूर लिहून पाठवणं हे खरं काम. संतापलेल्या पोस्टपेक्षा असं एक पत्र जास्त उपयोगाचं.

पत्रात आकडे लागतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणून आपल्या नोंदी मला मोलाच्या वाटतात. किती जण आले, किती लांबून आले, किती जणांनी मध्येच सोडलं, चाचणीतले सुरुवातीचे गुण किती आणि तीन महिन्यांनी किती. नावं काढून ही माहिती एका तालुक्यातल्या दहा जणांनी एकत्र केली, तरी जिल्हा परिषदेत बोलायला आधार मिळतो.

एक गोष्ट मात्र करू नका. व्यवसाय पुढे नेण्यासाठी रुग्णाची कहाणी रीलमध्ये घालू नका. नाव बदललं तरी गावात माणूस ओळखू येतो. त्यानं आपल्याला सांगितलं ते खोलीचं दार बंद होतं म्हणून.

सगळ्यात मोठी संधी शाळा-कॉलेजांत आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या व्यावसायिकांशी रीतसर संबंध ठेवावेत, असं त्यात आहे. सगळं अडणार आहे ते 'पात्र' या शब्दापाशी. आपण गेलो नाही, तर भूगोलाच्या बाईंना तीन दिवसांचं प्रशिक्षण देऊन रकाना भरला जाईल. त्या बाईंचा त्यात दोष नसेल. त्यांच्यावरही तो अन्यायच.

मुख्याध्यापकांकडे जाताना आधी पगाराचा विषय काढू नका. मानसशास्त्रज्ञ काय करतो, काय करत नाही, कोणत्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवावं लागतं आणि पालकांना काय सांगायचं, हे एका पानावर मराठीत लिहून न्या. त्या वडिलांना मी जे सांगू शकले नव्हते, ते त्या पानावर असायला हवं. मी एक मसुदा करून आणलाय, तुम्ही तो फाडून नवा लिहिलात तरी चालेल. मागच्या टेबलावर जिल्ह्यातल्या तालुक्यांची यादी ठेवली आहे. ज्यांना जमेल त्यांनी आपल्या तालुक्यासमोर नाव लिहा. पहिल्या भेटीला मी सोबत येईन.