टाळी वाजवून पाहा

(दृश्य : अंधारा हॉल. बॅटरीचा झोत भिंतीवरून सरकतो.)

बंद पडलेल्या काँक्रीटच्या इमारतीत नाटकवाली मंडळी पहिल्यांदा शिरली, की एक गोष्ट हमखास करतात. हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवतात. एकच. ती समोरच्या भिंतीवर आपटते, मागच्या भिंतीवर जाते, पुन्हा समोर येते, आणि पत्ते पिसल्यासारखा तर्रर्र आवाज हॉलभर फिरत राहतो. सगळे हसतात. मग कुणीतरी तोंडपाठ असलेलं एखादं स्वगत सुरू करतो. तिसरं वाक्य येईतो पहिलं अजून हवेतच असतं, आणि कुणाच्या हाती धड एक शब्द लागत नाही.

जागा तर मिळाली. आता तिच्यात नाटक कसं करायचं?

(दृश्य : भिंत, अगदी जवळून.)

थोडं भिंतीपाशी जाऊ. काँक्रीटवर लाकडाच्या रेषा उमटल्या आहेत, मधेच एखादी गाठसुद्धा. काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांचे हे ठसे. वर गिलावा नाही, रंग नाही. पैसे संपले म्हणून काम अर्धवट राहिलं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत मॉडर्निस्ट वास्तुरचनाकारांनी ते मुद्दाम असं ठेवलं. इमारत कशाची बनली आहे ते झाकायचं नाही, हा त्यांचा बाणा.

जरा खाली पाहा. इथे पोपडा सुटलाय आणि आत तांबूस सळई दिसतेय. काँक्रीट वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहतं. सळईला जपणारी त्याची अल्कता त्यामुळे उतरत जाते. मग ओल पोचायचाच काय तो अवकाश. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, आणि ती मिळाली नाही की तो काँक्रीट फोडून बाहेर येतो. सपाट गच्ची, तुंबलेले पाइप, सळईवर जेमतेम बोटभर काँक्रीट. या पिढीच्या इमारतींची दुखणी जगभर सारखीच.

आणि यांचं वयही अडनिडं. शंभर वर्षांची इमारत असली की लोक हळवे होतात. पन्नाशीतल्या काँक्रीटसाठी कोण रडणार? दिल्लीत प्रगती मैदानावर वास्तुरचनाकार राज रेवल आणि स्थापत्य-अभियंता महेंद्र राज यांनी १९७२ साली हॉल ऑफ नेशन्स हा काँक्रीटचा प्रदर्शन-हॉल उभा केला होता. वारसा म्हणून विचार व्हायला इमारत निदान साठ वर्षांची हवी, असं सांगण्यात आलं. एप्रिल २०१७ मध्ये तो पाडला, तेव्हा त्याचं वय होतं पंचेचाळीस.

(दृश्य : जुनं व्याख्यानगृह, रेखाचित्र.)

टाळीकडे परत येऊ. तिचं कोडं उलगडलं ते हार्वर्ड विद्यापीठात. १८९५ साली तिथल्या फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह उघडलं, आणि त्यात व्याख्यान ऐकूच येईना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. दुरुस्तीचं काम वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडलं. त्यानं काय करावं? गावात सामसूम झाली की रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांच्या गाद्या उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात पसरायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. उजाडायच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी परत. नाट्यगृहाच्या गाद्यांवर उभं राहिलेलं हे शास्त्र आज प्रत्येक ध्वनितज्ज्ञ वापरतो. हॉल जितका मोठा तितका आवाज जास्त घुमणार, आणि आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो लवकर विरणार.

उघडं काँक्रीट आवाज जवळजवळ पीतच नाही. आदळलेला बहुतेक सगळा आवाज परत पाठवतं. भजनाला, समूहगानाला ते छान वाटेल. संवादाला मात्र सेकंदभराचा घुमारा पुरे. म्हणून मग जाड पडदे आले, छताला खनिज लोकरीचे तक्ते आले, समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर उंचसखल फळ्या आल्या. या सगळ्यांबरोबर एक फुकटची सामग्रीही असते, ती म्हणजे प्रेक्षक. अंगावर कपडे घातलेला माणूस आवाज उत्तम पितो. म्हणून रिकाम्या हॉलमधल्या तालमीला ऐकलेल्या आवाजावरून कुणी घाबरून जाऊ नये, आणि कुणी खूशही होऊ नये.

(दृश्य : खांबांची रांग. मोजपट्टी.)

आवाज जमवता येतो. वजनाचं तसं नाही. कचेरी म्हणून बांधलेला स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला अडीचशे किलोच्या हिशेबानं केलेला असतो. माणसांची गर्दी जमणार असेल तर हिशेब चारशे-पाचशेचा लागतो. त्यावर पायऱ्या-पायऱ्यांची आसनं, नेपथ्य, वर दिव्यांचे पाइप. इथे उत्साह कामाचा नाही. जुने नकाशे शोधायचे, काँक्रीटचे गाभे कापून तपासायला पाठवायचे, सळ्या कुठे आणि किती आहेत ते यंत्रानं पाहायचं.

पण अडचणीतूनही कधीकधी भन्नाट काही निघतं. मँचेस्टरला कापसाच्या व्यापाराचं एक अवाढव्य सभागृह होतं, रॉयल एक्स्चेंज. १९६८ साली तिथला व्यापार थांबला. ही इमारत जुन्या घाटाची, घुमटा-खांबांची, त्यामुळे आपल्या विषयात काटेकोरपणे बसत नाही. तरी सांगतो, कारण इलाज तोच. नाट्यगृहाचं वजन जमिनीला पेलणार नव्हतं. तेव्हा रचनाकारांनी पोलाद आणि काचेचं दीडशे टनांचं गोलाकार नाट्यगृह बनवलं आणि ते सभागृहाच्या चार प्रचंड खांबांना टांगलं. १९७६ पासून सातशे माणसं त्यात बसून नाटक पाहू लागली. बाहेरून पाहिलं तर चंद्रावर उतरायचं यान चुकून बाजारात उतरलंय असं वाटतं.

बाकीची कामं कंटाळवाणी पण टाळता न येणारी. भिंतभर काचा असतील तर दुपारच्या प्रयोगाला अंधार कुठून आणणार? जुन्या छतात, पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस निघालं तर ते परवानाधारक माणसांनीच काढायचं. आणि काँक्रीटच्या जमिनीवर महिनाभर तालमी करा, मग नटांना गुडघ्यांबद्दल विचारा. खाली लवचीक लाकडी जमीन का लागते ते एका वाक्यात कळेल.

(दृश्य : झाडीतला काँक्रीटचा सांगाडा. पाऊस.)

समजा, हे सगळं जमलं. मग इमारत वाचते का?

स्कॉटलंडमध्ये कार्ड्रॉस गावाजवळच्या रानात सेंट पीटर्स सेमिनरी आहे. कॅथलिक धर्मगुरू घडवण्याची ही शाळा. गिलेस्पी, किड अँड कोया या संस्थेतल्या आयझी मेट्झस्टीन आणि अँडी मॅकमिलन यांनी ती रचली आणि १९६६ साली ती सुरू झाली. खाली प्रार्थनागृह आणि भोजनगृह, वर पायऱ्यांसारख्या पुढे झुकत आलेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या. ब्रिटनमधल्या मॉडर्निस्ट वास्तुकलेचा हा मानबिंदू. पण दैव असं, की इमारत उभी राहत होती त्याच वर्षांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, चर्चची दिशा बदलली. धर्मगुरूंनी रानात एकांतात नव्हे, लोकांत राहून शिकावं, असा विचार पुढे आला. खोल्या कधी पुऱ्या भरल्याच नाहीत. १९८० साली शाळा बंद झाली. १९९२ साली इमारतीला संरक्षणाचा सर्वोच्च दर्जा मिळाला, पण दर्जा मिळाल्यानं काही गच्ची गळायची थांबत नाही.

मग एनव्हीए नावाची कलासंस्था पुढे आली. सगळी इमारत नवीकोरी करायची नाही, हा त्यांचा विचार मला आजही पटतो. प्रार्थनागृहावर छप्पर घालून सहाशे माणसांची प्रयोगाची जागा करायची, आणि उरलेला भाग पडझड थांबवून भग्नावस्थेतच जपायचा. आधी ॲस्बेस्टॉस आणि ढिगारा हलवला. मार्च २०१६ मध्ये दहा रात्री त्या सांगाड्यात 'हिंटरलँड' हा प्रयोग झाला. उघड्या तुळयांवर प्रकाशाचे झोत, तुंबलेल्या पाण्यात त्यांची प्रतिबिंबं, धूर, आणि समूहगानाचे सूर. इथे घुमारा उणा नव्हता, तोच तर खरा नट होता. हजारो माणसं अंधारातून चालत येऊन ते पाहून गेली.

दोन वर्षांनी, २०१८ साली, एनव्हीएनं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नियमित अनुदान मिळालं नव्हतं. २०२० साली ही वास्तू एका शैक्षणिक न्यासाकडे गेली. प्रार्थनागृहावरचं ते छप्पर नकाशातच राहिलं.

इमारतीचा दोष नव्हता, प्रयोगाचा तर मुळीच नव्हता. पण दहा रात्रींची गर्दी वेगळी आणि मंगळवारी दुपारी सहज डोकावणारा माणूस वेगळा. रानातल्या इमारतीत मंगळवारी दुपारी कोण येणार?

(दृश्य : विटांच्या भिंती, मधून दगडी रस्ता. उजेड.)

आता ब्राझीलमधलं साओ पाउलो. पोंपेया वस्तीतला पत्र्याच्या पिंपांचा जुना कारखाना. पुढे तिथे फ्रीजही बनत. विटांच्या भिंती, आणि आत काँक्रीटचा सडपातळ सांगाडा. प्रबलित, म्हणजे सळ्या घातलेल्या, काँक्रीटच्या पहिल्या पिढीतल्या फ्रान्स्वा एनबिक यांच्या पद्धतीचा. ही जागा कामगारांसाठी काम करणाऱ्या सेस्क या संस्थेनं घेतली. सेस्क १९४६ पासूनची, आणि तिचं वैशिष्ट्य असं, की व्यापार-सेवा क्षेत्रातल्या मालकांना पगारखर्चाचा ठराविक हिस्सा तिला द्यावाच लागतो. दरवर्षी अनुदानासाठी हात पसरणं आलं नाही. ही गोष्ट वास्तुकलेच्या पुस्तकांत तळटीपेत जाते. मी ती पहिल्या पानावर छापली असती.

कारखान्याचं काय करायचं, हे ठरवायला लीना बो बार्दी यांना बोलावलं. जन्मानं इटालियन, १९४६ पासून ब्राझीलच्या. पहिल्या खेपेला, १९७६ साली, त्यांनी वास्तुरचनाकाराच्या नजरेनं तो सांगाडा पाहिला आणि त्या खूश झाल्या. दुसऱ्या खेपेला गेल्या तो शनिवार होता. पाहतात तो कारखाना माणसांनी भरलेला. फुटक्या छपरातून पाऊस गळतोय आणि पोरं त्याच पाण्यात फुटबॉल खेळतायत, चेंडू थपकन पाण्यात पडला की खिदळतायत. दाराशी आया काहीबाही भाजतायत. पलीकडे कठपुतळ्यांचा खेळ, आणि त्यासमोर मुलांची दाटी.

लीनाबाईंनी ठरवलं, की हे सगळं असंच चालू राहिलं पाहिजे.

म्हणजे प्रकल्प त्यांच्या आधीच सुरू झाला होता. जागा सोडून दिलेली होती, पण ओस नव्हती. त्यांनी आपलं कार्यालय कारखान्यातच थाटलं आणि काम सुरू असताना तिथेच रोज निर्णय घेतले. भिंतींवरचा गिलावा वाळूच्या फवाऱ्यानं उडवून विटा आणि काँक्रीट उघडं केलं. एका मोठ्या शेडमध्ये त्यांनी जवळजवळ काहीच केलं नाही. जमिनीत पाण्याचा एक वळणदार पाट काढला, शेकोटी केली, वाचायला-बसायला जागा केली. बस्स. 'संस्कृती' हा शब्दच त्यांना जड वाटायचा. तो ऐकून माणूस बुजतो, आता काहीतरी सुसंस्कृत करावं लागणार म्हणून अंग चोरतो. त्यापेक्षा फुरसत बरी.

१९८२ साली, लष्करी राजवट अजून सरली नव्हती तेव्हा, जुन्या शेडी लोकांसाठी उघडल्या. खेळांचे काँक्रीटचे मनोरे १९८६ साली आले. त्यांना गुहेच्या तोंडासारखी वेडीवाकडी भोकं आहेत खिडक्या म्हणून. त्यांच्याबद्दल स्वतंत्र फिल्म करावी लागेल.

(दृश्य : नाट्यगृह. रंगमंच मधोमध.)

नाट्यगृह एका शेडमध्येच आहे. रंगमंच मध्ये, प्रेक्षक दोन्ही बाजूंना. त्यामुळे नाटक बघताना नटाच्या पलीकडे आपल्यासारखीच माणसं बसलेली दिसतात; कुणी रडतंय, कुणी पेंगतंय. नेपथ्यकार वैतागतात, कारण पाठीमागची भिंतच नाही.

आसनं लाकडाची. गाद्या नाहीत. हार्वर्डच्या त्या प्राध्यापकानं गाद्या ढोऊन आणल्या होत्या. लीनाबाईंनी मुळात ठेवल्याच नाहीत. लोकांनी कुरकुर केली. त्यावर त्यांचं म्हणणं होतं, की ग्रीक आणि रोमन लोक दगडावर बसून नाटक पाहत. मऊ आसनं ही नंतरच्या दरबारी नाट्यगृहांची देणगी. नाट्यगृह हे नुसतं बसायचं ठिकाण नव्हे.

प्रयोग लांबला की तिथे माणसं चुळबुळ करू लागतात. लाकूड करकरतं. मधे उभ्या असलेल्या नटाला ते समोरून दिसतं, आणि पाठीमागून ऐकूही येतं.